एकच सॉफ्टवेअर अडलंय: वाइन, व्हर्च्युअल मशीन की ड्युअल बूट?

विंडोज सोडून लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर येणाऱ्यांचं घोडं बहुतेक वेळा एकाच जागी अडतं. ब्राउझर मिळतो, ऑफिस मिळतं, पण एखादं सॉफ्टवेअर फक्त विंडोजचंच असतं आणि त्याच्यावाचून भागत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट थांबवला, तेव्हापासून हे रडगाणं जरा जास्तच ऐकू येतं. वाटा तीन आहेत: विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवरच चालवणारं वाइन; लिनक्सच्या आत आभासी संगणक उभा करून त्यात विंडोज चालवणारं व्हर्च्युअल मशीन; आणि ड्युअल बूट, म्हणजे एकाच मशीनवर दोन्ही सिस्टीम ठेवून सुरू करताना एक निवडणं. त्यातली चांगली कोणती, असं विचारून हाती काही लागत नाही. आपलं सॉफ्टवेअर यंत्रात किती खोलवर हात घालतं, ते आधी बघा. नुसत्या फाइली उघडून आकडेमोड करणारं आणि स्वतःचा ड्रायव्हर (जोडलेलं यंत्र चालवणारा छोटा प्रोग्राम) बसवणारं, या दोघांना एकच औषध लागू पडत नाही.

वाइनबद्दलचा एक गैरसमज आधी काढून टाकू. हा एम्युलेटर, म्हणजे दुसऱ्या यंत्राची आख्खी नक्कल करणारा प्रोग्राम, नव्हे. 'वाइन इज नॉट ॲन एम्युलेटर' असं नावातच सांगून ठेवलंय. विंडोजच्या प्रोग्राममधल्या प्रोसेसरसाठीच्या सूचना इंटेल किंवा एएमडीच्या चिपवर लिनक्समध्येही जशाच्या तशा चालतात. अडतं कुठे, तर 'ही फाइल उघड', 'ही विंडो दाखव' असं तो विंडोजला सांगतो तिथे. वाइनने ही फंक्शनं नव्याने लिहून काढली आहेत, त्यामुळे मागणी विंडोजच्या नावाने येते आणि काम लिनक्स करून देतं. मध्ये दुसरी सिस्टीम चालत नसल्याने वेग जवळपास मूळचाच राहतो आणि विंडोजचं लायसन्सही लागत नाही.

हे काम सुरू झालं १९९३ मध्ये आणि १.० आवृत्ती आली २००८ मध्ये. पंधरा वर्षं! कारण मायक्रोसॉफ्टचा कोड न बघता, फक्त बाहेरून वागणूक पाहून सगळं लिहायचं होतं. शिवाय कित्येक प्रोग्राम विंडोजमधल्या चुकांच्या भरवशावर चालतात, म्हणजे त्या चुकाही इमानदारीने उतरवणं आलं.

वाइन पहिल्यांदा चालवलं की होम फोल्डरमध्ये एक लपलेलं फोल्डर तयार होतं. त्यात 'सी' ड्राइव्हची प्रतिकृती असते आणि रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची वही, साध्या टेक्स्ट फाइलींमध्ये. याला प्रिफिक्स म्हणतात. सगळे प्रोग्राम एकाच प्रिफिक्समध्ये कोंबायचा मोह आवरा. एकासाठी टाकलेली जुनी डीएलएल (प्रोग्रामना लागणारी सामायिक कोडची फाइल) दुसऱ्याला नडते आणि मग नेमकं काय बिघडलं ते कळत नाही. बॉटल्स नावाचं ॲप दर प्रोग्रामला वेगळी 'बाटली' देतं, ते वापरा. आणि हो, 'झेड' ड्राइव्ह म्हणून तुमची अख्खी लिनक्स डिस्क आतून दिसत असते. तेव्हा कुठूनतरी आणलेली ईएक्सई फाइल वाइनमध्ये चालवणं सुरक्षित आहे, असं समजू नका. तुमचे फोटो आणि कागदपत्रं तिच्या हाताच्या अंतरावर असतात.

गेम खेळणाऱ्यांसाठी चित्र २०१८ मध्ये पालटलं. व्हॉल्व्ह कंपनीने वाइनवर बेतलेलं प्रोटॉन आपल्या स्टीम या गेमच्या दुकानातच घातलं, त्यातलं डीएक्सव्हीके डायरेक्टथ्रीडीच्या, म्हणजे विंडोजच्या ग्राफिक्सच्या सूचना लिनक्सवर चालणाऱ्या वल्कनमध्ये बदलतं आणि २०२२ पासून त्यांचा हातात धरायचा गेमिंग संगणक स्टीम डेक याच जोरावर चालतोय. मात्र ज्या गेमचं अँटी-चीट (लबाडी पकडणारा प्रोग्राम) थेट विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात बसतं, तिथे हे सगळं थांबतं. व्हॅलोरंट हे त्याचं ठळक उदाहरण. वाइनकडे विंडोजचा कर्नलच नाही, तर ते बसणार कुठे?

माझी गाडी अडली ती एका जुन्या लेबल डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर. वाइनमध्ये पहिल्या फटक्यात उघडलं, मेनू आले, जुनी फाइलसुद्धा दिसली. मी खूश. मग 'प्रिंट' दाबलं आणि खिडकी आली: डोंगल सापडला नाही. यूएसबीचा डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअर विकत घेतल्याची खूण असलेली छोटी किल्ली, समोर लावलेला, लिनक्सला तो दिसत होता, पण त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या कर्नलसाठी लिहिलेला. दोन संध्याकाळी घालवल्या. शेवटी व्हर्च्युअलबॉक्स या व्हर्च्युअल मशीनच्या प्रोग्राममध्ये विंडोज टाकलं, वरच्या डिव्हाइसेस मेनूत यूएसबीखाली डोंगलच्या नावावर टिक केलं आणि तो लिनक्समधून नाहीसा होऊन आतल्या विंडोजमध्ये उगवला. पाचव्या मिनिटाला प्रिंट हातात.

व्हर्च्युअल मशीनचं बळ हेच: आत खरं विंडोज असतं. पण त्याची किंमतही खऱ्या विंडोजचीच. लायसन्स लागतं. विंडोज ११ किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा मागतं, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप सुद्धा मागतं, पण व्हर्च्युअलबॉक्स ७ पासून ते आभासी मिळतं. ४ जीबी कागदावर ठीक. माझ्या मते एकूण रॅम १६ जीबीच्या खाली असेल तर या वाटेला जाऊच नका, दोन्ही सिस्टीम रडतील. ग्राफिक्स लंगडंच राहतं, त्यामुळे गेम किंवा जड थ्रीडी काम इथे नको. दुसरं ग्राफिक्स कार्ड थेट आतल्या विंडोजला देऊन टाकता येतं, पण तो छंद आहे, उपाय नव्हे. उलट स्नॅपशॉटसारखी (सगळी स्थिती जशीच्या तशी जपून ठेवण्याची) सोय दुसरीकडे कुठेच नाही: बिघडलं की दोन क्लिकमध्ये कालच्या स्थितीवर.

ड्युअल बूटमध्ये सगळं चालतं, वादच नाही. पूर्ण ग्राफिक्स, अँटी-चीट, कुठलाही ड्रायव्हर. पण पाच मिनिटांच्या कामासाठी मशीन रीस्टार्ट करायचं, हातातलं सगळं बंद करून. अनुभव असा की माणूस हळूहळू एकाच बाजूला मुक्काम ठोकतो, आणि ती बाजू बहुधा विंडोजची. करायचंच असेल तर दुसऱ्या एसएसडीवर करा. आधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की कुठेतरी लिहून ठेवा, आणि विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा. नाहीतर बंद केलेलं विंडोज खरं अर्धवट झोपलेलंच असतं आणि लिनक्सला त्याच्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही.

मॅकवाल्यांचा हिशोब थोडक्यात: ॲपलच्या स्वतःच्या चिपवर बूट कॅम्प (मॅकवर विंडोज बसवण्याची ॲपलची सोय) नाही, म्हणजे ड्युअल बूट बाद. उरतं पॅरलल्स या व्हर्च्युअल मशीनमध्ये एआरएमचं, म्हणजे तशा चिपसाठीचं विंडोज किंवा वाइनवरच आधारलेलं क्रॉसओव्हर.

उलट्या दिशेची गंमत मात्र बघण्यासारखी आहे. विंडोजवर लिनक्सचे प्रोग्राम चालवायला मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये डब्ल्यूएसएल आणलं, ते वाइनसारखंच लिनक्सच्या मागण्या विंडोजच्या भाषेत फिरवणारं. लिनक्सचा सगळा कोड उघडा असूनही ते पुरं पडेना. २०१९ मध्ये दुसरी आवृत्ती जाहीर झाली, तिच्यात सरळ खरा लिनक्स कर्नल हलक्या व्हर्च्युअल मशीनमध्ये घातला.

तर मी सांगेन तो क्रम असा. वाइनच्या ॲपडीबी या, कोणतं सॉफ्टवेअर किती चालतं ते सांगणाऱ्या यादीवर आपल्या सॉफ्टवेअरचं नाव शोधा, प्लॅटिनम ते गार्बेज असा शेरा असतो; शेऱ्यापेक्षा तो कोणत्या आवृत्तीवर दिलाय ते वाचा. मग फाइलींची नक्कल घेऊन एक संध्याकाळ वाइनला द्या, आणि नुसतं उघडतंय म्हणून समाधान मानू नका: प्रिंट काढा, सेव्ह करून परत उघडा, जोडायचं यंत्र जोडून बघा. दुसरी संध्याकाळ देऊ नका, सरळ व्हर्च्युअल मशीन उभं करा. माझं लेबलचं सॉफ्टवेअर अजून तिथेच आहे, नेटवर्क कार्ड बंद करून. महिन्यातून दोनदा उठवतो, प्रिंट काढतो, झोपवतो.