सांधण दरी: दोन दिवसांच्या पॅकेजमध्ये नेमकं काय पदरात पडतं

महाराष्ट्रात चढायला गड खंडीभर आहेत. उतरण्यासाठी म्हणून जायचं तर पहिलं नाव सांधणचं घ्यावं लागतं. अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात साम्रद गाव आहे. गावाबाहेर थोडं चाललं की सपाट जमिनीला उभी चीर पडावी तशी ही घळ सुरू होते आणि कोकणाच्या बाजूला उतरत जाते. लांबी साधारण २ किलोमीटर, खोली २०० फुटांच्या आसपास. रुंदी जागोजागी इतकी कमी की समोरून माणूस आला तर एकाने कातळाला पाठ लावून थांबावं. जाहिरातींत ‘आशियातली दुसऱ्या क्रमांकाची खोल दरी’ असं छापलेलं असतं. हा किताब कुणी दिला ते विचारू नये. त्याची गरजही नाही, दरी आहे तेवढीच पुरेशी आहे.

आयोजक जे विकतात त्याला ‘सांधण’ हे एकच नाव असलं तरी माल दोन प्रकारचा असतो, आणि बुकिंग करताना निम्मे लोक इथेच फसतात. पहिला प्रकार: घळीत शिरायचं, पाण्याचे दोन टप्पे पार करायचे, रॅपलिंगच्या (दोरावरून उतरण्याच्या) कड्यापर्यंत जायचं आणि त्याच वाटेने परत. दोर लागत नाही, अर्ध्या दिवसात उरकतं, चालायची थोडी सवय असलेल्या कुणालाही जमतं. दुसरा प्रकार: साधारण ४५ फुटांचं रॅपलिंग करून खाली उतरायचं, पुढचे लहान कातळटप्पे दोराच्या आधाराने पार करायचे, दरीच्या तळाशी मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी करोली घाटाने चढून साम्रदला यायचं किंवा खाली कोकणाच्या बाजूच्या डेहणे गावात बाहेर पडायचं. पैसे मोजावेत ते या दुसऱ्यासाठी. रॅपलिंगनंतर मागे फिरायची सोय उरत नाही, म्हणून गुडघ्याचं दुखणं किंवा उंचीची भीती असेल त्याने निर्णय घरीच घ्यावा, कड्याच्या काठावर नाही.

आता खरी अडचण. पॅकेज चांगलं की वाईट हे तंबू आणि जेवणावरून ठरत नाही, ते बॅचमधल्या माणसांवर आणि दोरांवर ठरतं. नवखा माणूस हार्नेस (कमरेला आणि मांड्यांना बांधायचे पट्टे) तपासून, काठावर येऊन, उतरून, दोर मोकळा करेपर्यंत पाच मिनिटं सहज जातात. बॅच ६० जणांची आणि दोर एक असेल तर ३०० मिनिटं, म्हणजे पाच तास, नुसत्या रांगेत. तेही उन्ह न पोचणाऱ्या घळीत, ओल्या कपड्यांनी कुडकुडत. शेवटची माणसं खाली येईपर्यंत अंधार, आणि पुढचा सगळा रस्ता धोंड्यांवरून. त्यामुळे फोनवर पहिला प्रश्न हाच: बॅच किती जणांची, रॅपलिंगला दोर किती लावणार? २० जणांना दोन दोर हे उत्तम, ३० पर्यंत चालवून घ्यावं. ‘सीझनमध्ये गर्दी असतेच हो’ असं उत्तर आलं तर फोन ठेवावा.

दुसरा प्रश्न बिलेचा (belay), म्हणजे सुरक्षा दोराचा. उतरणाऱ्याच्या मुख्य दोराशिवाय त्याला वेगळा सुरक्षा दोर लावला आहे का आणि तो धरायला प्रशिक्षित माणूस आहे का? अँकर (दोर कातळाला बांधायच्या जागा) किमान दोन हवेत, एकमेकांवर अवलंबून नसलेले. कॅराबिनरचा (हार्नेसला जोडायची धातूची कडी) स्क्रू बंद आहे हे स्वतः बोटाने फिरवून बघायचं, लाजायचं काही कारण नाही. हार्नेसचा कमरेचा पट्टा कमरेच्या हाडांच्या वरच्या बाजूला घट्ट हवा, खाली घसरलेला नको. सैल राहिला तर माणूस उलटा होऊ शकतो. लांब केस, ओढणी, जॅकेटची लोंबणारी दोरी डिसेंडरमध्ये (दोर ज्यातून सरकतो त्या साधनात) अडकते आणि माणूस अधांतरी लटकतो, म्हणून केस बांधून, सगळं आत खोचून मगच काठावर जायचं.

उतरताना नवख्यांची चूक ठरलेली असते: भीतीने कातळाला चिकटायचं. त्याने पाय सुटतात आणि गुडघे आपटतात. पाय खांद्याइतके फाकवून, गुडघे थोडे मोकळे ठेवून, कमरेत मागे झुकलं की तळवे कातळावर बसतात. वरचा दोर घट्ट धरून उपयोग शून्य, ब्रेक खालच्या हातात असतो. तो हात कुल्ल्याजवळ ठेवायचा आणि काही झालं तरी सोडायचा नाही.

२०२१ साली राज्य सरकारने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं आणि आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी असं ठरलं. नोंदणी आहे का, ते विचारायला हरकत नाही. मात्र कागद असला म्हणून दोर नवा असतोच असं नाही. दोर बघायला मिळाला तर हातातून सरकवून पाहावा. वरचं आवरण फाटून आतले पांढरे धागे दिसत असतील किंवा एखादी जागा बोटांना मऊ, पोकळ लागत असेल तर त्या दोरावरून उतरायचं नाही.

महिना कुठला? जून ते सप्टेंबर ही दरी म्हणजे पाण्याची नळी. वरच्या पठारावर सर पडली की सगळं पाणी याच फटीतून जातं आणि दोन्ही बाजूंना पळायला जागा नाही. ऑक्टोबरातही अवकाळी ढग दिसले तर आत शिरू नये. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पाण्याचा दुसरा टप्पा छातीपर्यंत लागू शकतो आणि पाणी बर्फासारखं असतं. फेब्रुवारीपासून पाणी उतरतं, मार्चच्या सुरुवातीपर्यंत सगळ्यात सुखाचा काळ. एप्रिल-मेमध्ये घळीत गारवा टिकतो, पण करोली घाटाच्या चढाला ऊन भाजून काढतं, माणशी ३ लिटर पाणी हवंच. काजवे बघायला मे-अखेरीस येणाऱ्यांनी सांधण त्यात घुसडू नये. काजव्यांसाठी भंडारदरा-घाटघरचा परिसर वेगळा ठेवावा, आणि तिथे टॉर्च झाडांवर मारू नये.

बूट हा वेगळा विषय. घळीच्या तळाला वाट नाहीच, नुसते धोंडे: काही फ्रीजएवढे, काही खोलीएवढे, आणि मधले लहान दगड हलणारे. ओल्या काळ्या कातळावर झिजलेल्या तळव्याचे स्पोर्ट्स शूज साबणासारखे चालतात. खाचा असलेला रबरी तळवा हवा, घोटा झाकणारा असेल तर बरं. जीन्स भिजली की जड होते आणि दिवसभर वाळत नाही. ट्रॅक पँट घाला. सॅकमधली प्रत्येक वस्तू जाड प्लास्टिक पिशवीत, फोन दुहेरी पिशवीत. दुसरे मोजे तळाच्या मुक्कामापर्यंत कोरडे राहिले पाहिजेत. हेल्मेट रॅपलिंगपुरतं देतात आणि मग काढून घेतात, हे चूक आहे. वरच्या कड्यांवर माकडं असतात, त्यांच्या पायाखालून सुटलेला छोटा दगड २०० फुटांवरून येतो. अत्तर, डिओ लावू नये आणि घळीत आरडाओरडा नको: कड्यांना आग्या मोहोळं असतात.

जेवणाबद्दल तक्रार करायला जागा नाही. साम्रदमधल्या घरांतलं पिठलं, तांदळाची नाहीतर नागलीची भाकरी, ठेचा आणि गरम भात हा पॅकेजमधला सर्वांत भरवशाचा भाग. शक्य असेल तर तंबूपेक्षा घरातच मुक्काम मागा. पैसे गावात राहतात आणि हिवाळ्यात पठारावरचा वारा तंबूत झोपू देत नाही. मोबाइलची रेंज धरून चालू नये, घरी आधीच सांगून ठेवावं.

शेजारीपाजारी? कळसूबाई (१६४६ मीटर, राज्यातलं सर्वोच्च शिखर) बारी गावातून चढतात. त्याच शनिवार-रविवारी सांधणला जोडून विकणाऱ्यांच्या नादी लागू नये, दोन्ही धावपळीत जातात. साम्रदहून रतनगड मात्र जोडीला छान बसतो, तेही एक दिवस वाढवून. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा बघायचा असेल तर पाचनईची वाट सोपी, पण ती वेगळी सहल.

मुंबईहून कसारा, इगतपुरी, घोटी, शेंडी, साम्रद असा रस्ता. पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूर, शेंडी. शेंडीच्या पुढे पेट्रोलची आशा धरू नका, टाकी घोटीत किंवा राजूरलाच भरून घ्या. डेहण्याला बाहेर पडणार असाल तर गाडी साम्रदला ठेवून चालत नाही. डेहण्याहून आसनगाव स्टेशनपर्यंतची जीप आधी ठरवून ठेवा आणि वेळ दुपारी तीनच्या आधीची सांगू नका, कारण तळापासून डेहण्यापर्यंतची धोंड्यांची वाट नकाशात दिसते त्याहून बरीच लांब आहे.