गोल्फच्या राउंडआधीचा अर्धा तास: रेंजवरची बादली की पुटिंग ग्रीनचा कोपरा?

टी-टाइमच्या (पहिला फटका मारायच्या ठरलेल्या वेळेच्या) अर्धा तास आधी गोल्फ क्लबात पोचलात, तर दोनपैकी एकच गोष्ट धड होते. एक तर टोकन देऊन रेंजवर, म्हणजे फटक्यांच्या सरावाच्या मैदानावर, ५० चेंडूंची बादली घ्यायची आणि वेजपासून (जवळच्या, उंच फटक्यांची काठी) ड्रायव्हरपर्यंत (सगळ्यांत लांब मारायची काठी) सगळं मारून बघायचं. नाहीतर रेंजकडे फिरकायचंच नाही, दहा-बारा मिनिटं अंग मोकळं करायचं आणि उरलेला वेळ पुटिंग-चिपिंगला द्यायचा: पुटिंग म्हणजे होलाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, ग्रीनवर, चेंडू घरंगळवणं, आणि चिपिंग म्हणजे ग्रीनच्या कडेवरून छोटा फटका. तासभर हाताशी असेल तर दोन्ही करा, वादच नाही. पण सकाळी साडेसहाच्या टी-टाइमला तासभर आधी हजर होणारी माणसं मुंबई-पुण्यात फार नसावीत. तेव्हा हिशोब अर्ध्या तासाचाच मांडतो.

माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण रेंजवाल्यांची बाजू अगदीच लंगडी नाही. खरा चेंडू खऱ्या ताकदीने मारल्याशिवाय काहींच्या मनाला स्वस्थता येत नाही, आणि पहिल्या टीवर (होलचा पहिला फटका मारायच्या जागेवर) मन स्वस्थ असणं ही काही छोटी गोष्ट नव्हे. आज चेंडू कुठल्या बाजूला वळतोय, हेही रेंजवरच कळतं. सलग आठ चेंडू उजवीकडे जाताना दिसले, तर पहिल्या टीवर डावीकडे रोख धरता येतो. पुटिंग ग्रीनवर ही माहिती मिळत नाही.

रेंजवर जायचंच असेल तर ५०ची बादली निम्मी ठेवून या. २५ ते ३० चेंडू पुष्कळ झाले. सुरुवात सँड वेज किंवा पिचिंग वेजच्या अर्ध्या स्विंगने, सात-आठ चेंडू, हात कमरेच्या वर न नेता. मग आठ नंबरचं आयर्न (मधल्या अंतराची काठी) पाच चेंडू, हायब्रिड किंवा पाच-सहा नंबर चार, ड्रायव्हर चारच. शेवटचे तीन-चार चेंडू पहिल्या होलच्या (टीपासून ग्रीनपर्यंतच्या टप्प्याच्या) क्रमाने खेळा: ड्रायव्हर, मग जे आयर्न लागेल ते, मग वेज. दोन चेंडूंमध्ये निदान २० सेकंद जाऊ द्या, चेंडूमागे जाऊन रोख धरा, ग्रिप नव्याने पकडा. बहुतेक जण इथेच घसरतात. क्लबच्या, म्हणजे खेळायच्या काठीच्या, टोकाने पुढचा चेंडू ओढायचा आणि पाय न हलवता हाणायचा, असं चाललं की पंधराव्या चेंडूपर्यंत स्विंगचा टेम्पो दुप्पट झालेला असतो, आणि तोच टेम्पो पहिल्या टीवर सोबत येतो. दुसरी चूक म्हणजे स्लाइस (उजवीकडे वळत जाणारा चेंडू) दिसला की तिथेच ग्रिप बदलायची, स्टान्स (पायांची ठेवण) बदलायचा. राउंडआधीच्या पंधरा मिनिटांत स्विंग दुरुस्त होत नसतो. फार तर त्याच्यात आणखी एक शंका भरते.

इथपर्यंत दोन्ही पर्याय बरोबरीत धरता आले असते. ज्या गोष्टीने माझं माप दुसरीकडे झुकवलं ती म्हणजे मॅट.

आपल्याकडच्या बऱ्याच रेंजवर गवतावरून मारू देत नाहीत, आणि पावसाळ्यात तर प्रश्नच नाही. हिरवं कृत्रिम गवत, खाली रबर किंवा फोम, त्याखाली सिमेंट. गवतावर क्लब चेंडूच्या इंचभर मागे टेकला तर पुढची कड मातीत रुतते, वेग मरतो आणि चेंडू बिचारा अर्ध्या वाटेत पडतो. मॅटवर तोच फटका मारा. कडेला रुतायला जागाच नसते. क्लबचा तळ फरशीवरच्या पाटासारखा सरकतो आणि चेंडूपर्यंत पोचतो. आवाज जरा बोजड येतो, पण चेंडू सरळ, उंच, दिसायला छान जातो. म्हणजे चांगला फटका आणि फॅट (चेंडूच्या मागे जमिनीला लागलेला) फटका यांतला फरक जिथे दिसायला हवा, तिथेच झाकला जातो. शिवाय सिमेंटचा दणका थेट मनगटात आणि कोपरात. अंग गार असताना तो जास्तच लागतो. ज्यांचं कोपर आधीच कुरकुरतं, त्यांनी मॅटवर लांब आयर्न मारूच नयेत, असं माझं मत.

आपल्या हवेत हे खोटेपण दोन्ही अंगांनी महागात पडतं. जून ते सप्टेंबर फेअरवे (टी ते ग्रीनमधली कापलेल्या गवताची पट्टी) मऊ असतो, क्लब इंचभर मागे बसला की ढेकूळ चेंडूपेक्षा लांब जातं. फेब्रुवारीपासून मेपर्यंत जमीन टणक आणि लाय (चेंडू पडलेली जागा) उघडी, तिथे मागे बसलेला क्लब उसळतो आणि चेंडूच्या पोटावर आदळतो. मग ग्रीनच्या पलीकडे झाडीत शोधाशोध. मॅटवर मात्र दोन्ही ऋतूंत सगळं कुशल मंगल.

यावर इलाज आहेत. चेंडूच्या चार बोटं मागे रुमालाची घडी ठेवा. ती उडाली तर फटका फॅट, मग चेंडू कितीही छान जावो. आवाजाकडेही लक्ष द्या: आधी ‘थप’ आणि मग ‘टक’ आला तर क्लब मागे बसला, नुसता ‘टक’ आला तर चेंडू आधी लागला. पण राउंडआधीच्या घाईत रुमाल मांडत बसणारे थोडेच. त्यात रेंजचे चेंडू झिजलेले आणि कठीण, काही ठिकाणी मुद्दाम कमी उडणारे. त्यामुळे आज सात नंबर किती जातंय, या प्रश्नाचं उत्तर तिथे शोधू नये. रबरी टी (इथे, चेंडू ठेवायची खुंटी) एकाच उंचीची असते, ती तुमच्या ड्रायव्हरला जमलीच तर नशीब.

आता दुसरा पर्याय. त्याला जागा लागते दोन क्लब फिरतील एवढी. पार्किंगचा कोपरा किंवा पहिल्या टीजवळची मोकळी जागा चालते. (उजव्या हाताने खेळणाऱ्यांचं लिहितोय, डावखुऱ्यांनी उलटं वाचावं.)

पहिली तीन मिनिटं भरभर चाला. डिसेंबरात पुण्या-नाशकात पहाटे पारा १०-१२ अंशांवर असतो, तेव्हा पाच मिनिटं, कपाळावर किंचित ओल येईपर्यंत. मुंबईच्या दमट हवेत दोन मिनिटांत भागतं. मग ड्रायव्हर काठीसारखा टेकवून एक पाय पुढे-मागे दहा वेळा, आडवा दहा वेळा, मग दुसरा. पाय झोकायचा नाही, हळूहळू उंची वाढवायची. कमरेचा सांधा मोकळा नसेल तर शरीर वळण कुठून तरी उसनं आणतं, आणि ते बहुतेक वेळा पाठीच्या खालच्या मणक्यांतून.

त्यानंतर क्लब खांद्यांवर आडवा धरून, चेंडूसमोर उभं राहतो तसं वाकून, छाती उजवीकडे-डावीकडे दहा-दहा वेळा वळवा. गुडघे समोर, कंबर जमेल तेवढी स्थिर. इथे बहुतेक जण नुसते हात फिरवतात आणि वळल्यासारखं वाटतं. तपासायचं असेल तर शर्टाचं मधलं बटण बघा: ते वळलं तर छाती वळली. पुढे क्लबची दोन टोकं रुंद पकडून डोक्यावरून मागे जाईल तेवढाच न्या, आठ वेळा. खांदा अडला तर पकड आणखी रुंद करा, जोर लावू नका. शेवटी मनगटं: एका हातात क्लब उभा धरून घड्याळाच्या काट्यासारखा डावीकडे-उजवीकडे पाडायचा, दहा वेळा, मग दुसरा हात. जड वाटला तर पकड खाली सरकवा.

पाय धरून अर्धा-पाऊण मिनिट ताणत उभं राहणं टी-ऑफच्या तोंडावर टाळा. लांब वेळ ताणून धरलेला स्नायू थोडा वेळ ताकद कमी देतो. ते राउंड संपल्यावर करा, तेव्हा त्याचा उपयोगही जास्त.

मग स्विंग. आठ आणि नऊ नंबर एकत्र धरून पाच सावकाश, त्यानंतर पाच उलट्या बाजूने, म्हणजे डावखुऱ्यासारखे. हे उलटे स्विंग लोक लाजून टाळतात, पण एकाच बाजूला हजारो वेळा वळलेल्या पाठीला त्यांचीच गरज असते. नंतर ड्रायव्हर उलटा, हेडजवळ पकडून सहा वेळा. सपकन आवाज जिथे चेंडू असेल तिथे किंवा त्याच्या पुढे यायला हवा. उजव्या पायापाशीच आला तर हात वरूनच घाई करताहेत.

आणि आता मॅट जे सांगत नाही ते. सरावाच्या कडेला गवतात एक तुटकी टी आडवी ठेवा, सात नंबरने तिच्यावरून अर्धा स्विंग करा आणि गवत कुठे झोपलं ते बघा. टीच्या पुढे दोन-तीन बोटं झोपलं असेल तर आज स्विंगचा तळ (क्लब सगळ्यांत खाली येतो ती जागा) जागेवर आहे. मागे झोपलं असेल तर वजन उजव्या पायावर अडकलंय. डाव्या पायावर थोडं जास्त वजन घेऊन उभे राहा आणि पुन्हा करा. चारपाच स्विंगमध्ये खूण पुढे सरकते. गवत फक्त घासायचं, ढेकूळ काढायचं नाही, नाहीतर माळी जे बोलेल ते ऐकून घ्यावं लागेल.

पुटिंगला चेंडू तीनच घ्या. आधी होल बघूच नका. २०, ३० आणि ४० फुटांवरून ग्रीनच्या कडेपर्यंत, कड न ओलांडता. राउंडमध्ये एकाच ग्रीनवर तीन-तीन पुट बहुतेकदा दिशेमुळे नाही, लांबीमुळे होतात, म्हणून वेग आधी. पहाटे दव असेल तर चेंडूची वाट ग्रीनवर उमटलेली दिसते. सुरुवातीलाच ती वाट तुटक असेल तर चेंडू उडी घेतोय, म्हणजे पुटर वरून खाली येतोय किंवा हात फार पुढे आहेत. हे फुकटचं निदान रेंजवर मिळत नाही. मात्र पुटिंग ग्रीनही थोडं खोटं बोलतं, हे कबूल करायला हवं. दव असेपर्यंत ते मंद, आणि तुम्ही चौथ्या-पाचव्या होलवर पोचता तोवर ऊन येऊन मैदानातली ग्रीन पळायला लागलेली असतात. त्यात आपल्याकडे बहुधा बर्म्युडा गवत, त्याच्या पात्यांचा कल चेंडूला ओढतो. म्हणून सकाळच्या वेगाला पाठ करू नका, हाताला फक्त लय द्या. शेवट तीन फुटांवरून सहा पुट घालून करा, चेंडू होलात पडल्याचा आवाज कानात घेऊन टीवर जायला. चिपिंगला जागा असेल तर आठ नंबर आणि वेजने पाच-पाच. पुष्कळ क्लबांत पुटिंग ग्रीनवर चिपिंगला मनाई असते, ती पाटी आधी वाचा.

स्पर्धा असेल तर गोल्फच्या नियमावलीतला नियम ५.२ ध्यानात ठेवा. स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजतात त्या प्रकारात) राउंडआधी कोर्सवर सराव चालत नाही. पहिल्या टीवर किंवा तिच्याजवळ पुटिंग-चिपिंग आणि सरावासाठी राखलेल्या जागा एवढीच मोकळीक. चुकलात तर पहिल्या होलवर दोन स्ट्रोकचा दंड, दुसऱ्यांदा चुकलात तर बाद. मॅच प्लेमध्ये (एकेक होल जिंकायच्या प्रकारात) ही मनाई नाही. चेंडूशिवाय हवेतले स्विंग कुठेही चालतात.

बादलीच्या विरोधात आणखी एक मुद्दा. आपल्याकडे स्टार्टरकडून (पहिल्या टीवरून गट सोडणाऱ्याकडून) दिलेली वेळ अनेकदा दहा-पंधरा मिनिटांनी पुढे सरकते. पुढचा चौघांचा गट पहिल्या होलवर चेंडू शोधत असतो, नाहीतर एखादा कॅडी अजून यायचा असतो. रेंजवर कमावलेली ऊब बाकावर बसून निघून जाते आणि परत रेंजवर जायला वेळ नसतो. दुसऱ्या पर्यायात टीच्या बाजूला उभं राहून पायांचे झोके आणि पाच स्विंग पुन्हा करता येतात. ऑस्ट्रेलियात २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत हजाराहून अधिक हौशी गोल्फरांवर लक्ष ठेवलं होतं. निम्म्याहून थोड्याच जास्त लोकांनी काहीतरी वॉर्मअप केला, आणि तोही मुख्यतः टीवर हवेत मारलेले स्विंग. आपल्याकडच्या रविवारच्या टीवर चित्र वेगळं असेल, असं वाटत नाही.

मग बादली कोणी घ्यावी? ज्यांच्या क्लबात गवतावरून मारू देतात, त्यांनी खुशाल घ्यावी. माझा निम्मा आक्षेप तिथेच संपतो. एक आकडी हँडिकॅपवाल्यांनाही (हँडिकॅप जितका कमी, तितका खेळाडू सरस) माझा सल्ला लागू होईलच असं नाही. त्यांना आजचा वळण-अंदाज खरोखर वापरता येतो, आणि मॅटचं ‘थप-टक’ त्यांच्या कानाला लगेच कळतं. १४ ते २४ हँडिकॅपच्या खेळाडूला मात्र पहिल्या तीन होलवर जे स्ट्रोक वाचतात, ते बहुतेक ३० फुटांच्या पुटवर आणि ग्रीनच्या कडेच्या चिपवर. ते रेंजवर सापडायचे नाहीत.

आणि वाहतुकीत अडकून टीवर आठच मिनिटं आधी पोचलात, तर बूट बांधून भरभर चालतच टीकडे निघा. पोचल्यावर पायांचे झोके, छातीची वळणं, उलट्या बाजूचे पाच स्विंग, गवत घासणारे तीन. पुटिंग सोडून द्या. पहिल्या टीवर ड्रायव्हरऐवजी हायब्रिड काढा आणि पहिल्या ग्रीनवर लांबचा पुट घालण्याऐवजी होलजवळ ठेवण्यावर समाधान माना. स्ट्रोक प्लेच्या स्पर्धेत पाच मिनिटांपर्यंत उशिराला दोन स्ट्रोक दंड आहे, त्यापुढे थेट बाद. तेव्हा चालायला लागण्याआधी स्टार्टरला फोन करा.