जॅक्सन की क्ले? ओहायोच्या मतदारासाठी

भाची अमेरिकेत कॉलेजला आहे. इतिहासाच्या वर्गात त्यांची लुटुपुटूची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक आहे: साल 1832, मतदार ओहायो राज्यातला. ‘मामा, जॅक्सन की क्ले?’ एवढाच तिचा निरोप. फोनवर सांगून होईना, म्हणून लिहायला बसलो. अट एकच घातली: त्या नोव्हेंबरात मतदाराला जे ठाऊक होतं तेवढ्यावर ठरवायचं. 1838 सालचं शहाणपण 1832 मध्ये चालणार नाही.

अँड्र्यू जॅक्सन टेनेसीचा, न्यू ऑर्लिन्सच्या 1815 च्या लढाईचा नायक, 1829 पासून राष्ट्राध्यक्ष. हेन्री क्ले केंटकीचा, फर्डा वक्ता, तडजोडीत मुरलेला. वैर पक्कं झालं ते 1824 मध्ये. त्या निवडणुकीत जॅक्सनला सर्वाधिक 99 निर्वाचक मतं (राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या राज्यांच्या प्रतिनिधींची मतं) मिळाली, पण बहुमत कुणालाच नव्हतं. निर्णय प्रतिनिधीगृहात, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहात गेला, तिथे सभापती क्लेने आपलं वजन जॉन क्विन्सी ॲडम्सच्या पारड्यात टाकलं आणि पुढे ॲडम्सने त्याला परराष्ट्रमंत्री केलं. ‘सौदा झाला’ हा ठपका क्लेला जन्मभर पुसता आला नाही. गुलामगिरीवरून निवड करू म्हणाल तर तिथे निवडच नाही. गुलाम दोघांच्याही पदरी होते.

प्रचार रंगला तो बँकेवरून. ‘बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स’ला 1816 साली 20 वर्षांची सनद मिळाली होती. भांडवल साडेतीन कोटी डॉलर, त्यात सरकारचा हिस्सा एक पंचमांश. बाकी खाजगी भागधारक, त्यांत परदेशीही. सरकारचा पैसा मात्र बहुतेक याच बँकेत. फिलाडेल्फियात बसलेला अध्यक्ष निकोलस बिडल देशभरातला पतपुरवठा सैल-घट्ट करू शकत होता आणि मतदाराला त्याला जाब विचारायची सोय नव्हती. सनद संपायला चार वर्षं बाकी असताना क्लेच्या आग्रहाखातर बिडलने संसदेकडे नूतनीकरणाचा अर्ज केला. हिशेब सरळ होता: संसदेने मंजूर केलेल्या विधेयकावर जॅक्सनने सही केली तर बँक वाचली, नाही केली तर निवडणुकीला मुद्दा मिळाला. जॅक्सनने 10 जुलैला नकाराधिकार वापरला. सरकार श्रीमंतांच्या सोयीसाठी वाकवलं जातंय, असा त्यासोबतच्या संदेशाचा सूर होता. बिडलला तो इतका बाष्कळ वाटला की त्याने स्वतःच तो छापून वाटला. लोकांनी वाचला आणि त्यांना पटला!

ओहायोत तर हा विषय जुन्या जखमेचा. 1819 च्या मंदीत बँकेने कर्जांची वसुली लावली, राज्याने चिडून तिच्यावर कर बसवला आणि सरकारी माणसांनी चिलिकोथीच्या शाखेत घुसून रक्कम उचलून नेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, 1824 मध्ये बँक जिंकली. तिच्या वकिलांत एक नाव हेन्री क्ले. त्यामुळे सिनसिनाटीत जमीन गमावलेला माणूस क्लेकडे कोणत्या नजरेने बघत असेल, हे सांगायला नको. माझं मत विचाराल तर दुखणं जॅक्सनने बरोबर ओळखलं होतं. पण बँक मोडून पुढे काय, याचं उत्तर त्या संदेशात नाही. क्लेकडे उत्तर होतं: बँक, आयात शुल्क, रस्ते आणि कालवे यांची एकत्र बांधलेली योजना. जॅक्सनने 1830 मध्ये मेसव्हिल रस्त्याच्या सरकारी मदतीवर फुली मारली, तो रस्ता क्लेच्या लेक्सिंग्टनपासून ओहायो नदीपर्यंत जाणारा होता. रस्ता हवा असलेल्या शेतकऱ्याचं मत तिथेच क्लेला.

नोकऱ्यांबद्दल थोडक्यात. सरकारी पदं आलटून पालटून दिली की मिरासदारी मोडते, हे जॅक्सनचं म्हणणं ऐकायला छान. व्यवहारात आपल्या माणसांची वर्णी लागली. क्ले सत्तेवर असता तर त्याच्या लोकांनी हात बांधून घेतले असते, असं मला वाटत नाही.

आता खरा मुद्दा. 28 मे 1830 रोजी जॅक्सनने मूळ रहिवासी जमातींना मिसिसिपी नदीपलीकडे हलवण्याच्या कायद्यावर सही केली. प्रतिनिधीगृहात तो 102 विरुद्ध 97 अशा निसटत्या मतांनी मंजूर झाला होता. म्हणजे ‘त्या काळी सगळेच असा विचार करत’ ही सबब चालत नाही. कागदावर स्थलांतर कराराने आणि राजीखुशीने व्हायचं होतं. जॉर्जियात चेरोकी जमातीच्या भूमीत सोनं सापडलं होतं आणि कुठलाही करार होण्याआधीच, 1832 मध्ये, राज्याने ती जमीन सोडतीत गोऱ्यांना वाटायला घेतली. चेरोकींकडे स्वतःची लिपी होती, वर्तमानपत्र होतं, लिखित राज्यघटना होती. त्यांच्या भूमीत जॉर्जियाचे कायदे चालत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने, सरन्यायाधीश जॉन मार्शलच्या निकालात, मार्च 1832 मध्ये सांगितलं. ‘मार्शलने निकाल दिलाय, आता अंमलबजावणीही त्यानेच करावी’ हे वाक्य जॅक्सनच्या तोंडी घालतात. तो तसं म्हणाल्याचा भरवशाचा पुरावा नाही. म्हणायची गरजही नव्हती. ज्यांच्या अटकेवरून तो खटला झाला ते दोन मिशनरी निवडणुकीच्या दिवशीही जॉर्जियाच्या तुरुंगातच होते.

ओहायोच्या मतदाराला हे लांबचं वाटायचंही कारण नव्हतं. 1831 च्या करारांनंतर ओहायोतल्याच वापाकोनेटाचे शॉनी जमातीचे लोक 1832 च्या शरद ऋतूत, ऐन प्रचारात, पश्चिमेला निघाले होते.

क्ले या कायद्याच्या विरोधात होता. त्याचा उपाध्यक्षपदाचा उमेदवार जॉन सार्जंट तर चेरोकींच्या बाजूने न्यायालयात उभा राहिलेला वकील. पण क्लेला सोवळं समजू नये. 1825 मध्ये मंत्रिमंडळात त्याने काढलेले उद्गार ॲडम्सच्या रोजनिशीत आहेत: या जमाती नष्ट होणारच, आणि त्या गेल्याने जगाचं फार नुकसान होणार नाही. आणि हाच सार्जंट बँकेचाही वकील. बँकेवर राग आणि चेरोकींबद्दल कळवळा असलेल्या माणसाने काय करावं, याची कोंडी त्या एका नावात सापडते.

जॅक्सनच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा आमच्या अटीत बसत नाही. साउथ कॅरोलायना राज्याने संघराज्याचा आयात शुल्काचा कायदा रद्दबातल ठरवला तो 24 नोव्हेंबरला, मतदान उरकल्यावर. जॅक्सन तिथे खंबीर उभा राहिला, आणि 1833 मध्ये शुल्काची तडजोड घडवून ते प्रकरण शमवलं क्लेने. एकाच्या धाकाशिवाय दुसऱ्याची तडजोड झाली असती का, कुणास ठाऊक.

भाचीला मी लिहिलं: बँकेचा घाव अंगावर असेल तर जॅक्सन, रस्ता दारात हवा असेल तर क्ले. मी स्वतः क्लेला मत दिलं असतं, मन मारून, फक्त त्या 1830 च्या कायद्यासाठी. बँकेची सनद पुन्हा देता येते, उठवलेलं गाव पुन्हा बसत नाही. ओहायोने जेमतेम पाच हजार मतांच्या फरकाने आपली 21 निर्वाचक मतं जॅक्सनला दिली.

तिचं उत्तर आलं: ‘तिसरा कुणी नव्हता का?’ होता. विल्यम वर्ट, चेरोकींचा मुख्य वकील तोच. पण उभा राहिला फ्रीमेसन या गुप्त बंधुसंघटनेच्या विरोधकांच्या पक्षातर्फे, आणि स्वतः एके काळी फ्रीमेसन! व्हर्मॉंटची 7 निर्वाचक मतं तेवढी त्याला मिळाली.