शेल्टरमधून आणायचं तर पिल्लू की मोठा कुत्रा?

दत्तकच घ्यायचा हे पक्कं झालं की घरात पुढचा वाद ठरलेला. मी दोन्ही सांभाळलेत, त्यामुळे थोडं बोलतो.

पिल्लाची बाजू घेणारे जास्त भेटतील, आणि त्यांचं चूकही नाही. चपला कुरतडणं, रात्री शूसाठी उठवणं, हे सगळ्यांना माहीत असतं. साधारण सातव्या महिन्यापर्यंत पक्के दात येतात, तोवर सोसायचं. मला नडलं ते वेगळंच. अनोळखी माणसं, गाड्या, छत्र्या, इतर कुत्री यांची सवय पिल्लाला सहज लागते ती तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्याच्या सुमारास. आणि पार्वो, डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या संसर्गजन्य रोगांच्या लसींचे डोस चालतात निदान 16 व्या आठवड्यापर्यंत. आईकडून मिळालेल्या अँटिबॉडी लसीचा परिणाम मारतात, म्हणून एका डोसवर भागत नाही. म्हणजे जग दाखवायचं तेव्हाच, आणि रस्त्यावर खाली सोडायची चोरीही तेव्हाच! मग कडेवर घेऊन फिरा. पिल्लू वळवळणार, दिवसागणिक जड होणार, येणारा-जाणारा हात लावायला बघणार. शिवाय शेल्टरच्या पिल्लाच्या आईला लस मिळाली होती की नाही, हे बरेचदा कुणालाच ठाऊक नसतं. त्या काळात मी जितका वैतागलो, तितका चपलांपायी कधीच नाही.

मोठ्याचं हे सगळं उरकलेलं असतं, बहुतेकदा नसबंदीसुद्धा. आकार समोर दिसतो. स्वभाव मात्र पिंजऱ्यात पूर्ण कळत नाही. गजांशी भुंकून थैमान घालणारा घरी दिवसभर लोळेल, आणि कोपऱ्यातला 'शांत' कुत्रा खरं तर घाबरून गोठलेला असेल. तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा रुळण्याचा एक ढोबळ आडाखा सांगतात. माझ्या अनुभवात मधला टप्पा कसोटीचा. आमचा अजूनही झाडू पाहिला की पलंगाखाली जातो. का, ते त्यालाच माहीत. घरात मांजर किंवा लहान मूल असेल, तर आधी काही दिवस घरी ठेवून बघू देतात का, हे जरूर विचारा.

दिवसभर कुणी घरी असेल आणि हौस दांडगी असेल, तर पिल्लू आणा, माझी हरकत नाही. मी मात्र पुन्हा मोठ्यांच्याच पिंजऱ्यांकडे वळेन. पिल्लांना काय, घर लवकर मिळतं.