आठ महिने किरिन किकी : वापरानंतरचा अनुभव

लोक मिक्सरचा लिहितात, गादीचा लिहितात, एअर फ्रायरचा तर किती लिहितात, मी एका नटीचा लिहितेय. किरिन किकी, जपानची, जन्म 1943 टोकियो, 2018 च्या सप्टेंबरात गेली, आणि गेल्या पावसाळ्यापासून आमच्या ठाण्याच्या हॉलमध्ये जवळजवळ दर शनिवारी रात्री मुक्कामाला असते. झालं असं की सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, रात्रीची झोप उडाली, त्यांच्या नेहमीच्या मालिकांमधल्या कट करणाऱ्या सुना बघून मलाच धडधडायला लागलं म्हणून काहीतरी शांत लावू म्हटलं आणि 'स्टिल वॉकिंग' हा तिचा सिनेमा लावला. सबटायटल इंग्रजीत, ते आईंना वाचता येत नाही, त्यामुळे मी शेजारी बसून मराठीत सांगायचं असं ठरलं. दहा मिनिटांनी त्या म्हणाल्या तू गप बस, मला कळून राहिलं. आई मूळच्या वरोऱ्याच्या, चाळीस वर्षं ठाण्यात काढली पण हे 'करून राहिलं, बोलून राहिलं' गेलं नाही.

आणि खरंच, कळतं. सुरुवातीलाच मायलेकी स्वयंपाकघरात मुळा, गाजर सोलतायत, बडबड चाललीय, मग मक्याचे दाणे हाताने काढून त्याची भजी तळायची. आई उठून बसल्या, "अगं मक्याची भजी! आणि उभी कशी आहे बघ तेलापाशी, ही रोज करणारी बाई आहे." मला वाटतं किकीच्या कामाचा याच्यापेक्षा चांगला रिव्ह्यू मी लिहू शकणार नाही, पण लिहायला बसलेच आहे तर पुढे सांगते.

त्याच सिनेमात पुढे एक सीन आहे, त्यासाठी मी हा सिनेमा तीनदा बघितला. तिचा थोरला मुलगा एका परक्या पोराला बुडताना वाचवायला गेला आणि स्वतः गेला. तो वाचलेला पोरगा आता मोठा झालाय, दरवर्षी स्मृतिदिनाला या घरी येतो, ओशाळून बसतो, घाम पुसतो. धाकटा मुलगा आईला म्हणतो, आता पुरे, बिचाऱ्याला नको बोलवू. किकी विणतेय. मान वर न करता, सुई न थांबवता ती सांगते की म्हणूनच बोलावते, वर्षातून एक दिवस तरी त्यालाही त्रास होऊ दे, पुढच्या वर्षीही बोलावणार. आवाज चढत नाही, डोळ्यात पाणी नाही, आपण मघाशी ज्या गोड आजीबरोबर भजी तळत होतो तीच ही. मला काटा आला. आई काहीच बोलल्या नाहीत, नंतर पाणी मागितलं फक्त.

मग मी मागे मागे जायला लागले, ही बाई आली कुठून. 1961 ला बुंगाकुझा नावाच्या नाटक कंपनीत शिरली, तेव्हा नाव वेगळं होतं, युकी चिहो. नाव कमावलं ते टीव्हीवर. 1974 ला 'तेराउची कांतारो इक्का' म्हणून मालिका आली, टोकियोतल्या एका दगडकाम करणाऱ्याचं कुटुंब, आणि त्यातली म्हातारी आजी केली किकीने, वय वर्षं 31! तिचा मुलगा झालेला माणूस प्रत्यक्षात तिच्याहून दहा-अकरा वर्षांनी मोठा. केस ब्लीच करून पांढरे केले आणि हात तरणे दिसतात म्हणून बोटं उघडी राहतील असे हातमोजे घातले. आजी भिंतीवरच्या पॉपस्टारच्या पोस्टरपुढे अंग वळवत "जूऽऽली" करून ओरडायची आणि अख्खा जपान हसायचा. म्हणजे बघा, बाकीच्या नट्या पंचेचाळीसला आल्या की आईचे रोल नको म्हणतात, ही एकतिसाव्या वर्षी आजी होऊन बसली आणि पुढची चाळीसेक वर्षं, माझ्या मते, त्याचाच रियाज करत राहिली. खरं म्हातारपण आलं तेव्हा हिची तयारी कधीच झालेली होती.

नावाची गोष्ट तर भारीच. 1977 ला टीव्हीवरच्या एका लिलावाच्या कार्यक्रमात विकायला दुसरं काही नाही म्हणून हिने स्वतःचं नाव विकलं, युकी चिहो, 20,200 येनला. आणि मग किरिन किकी हे नवं घेतलं, ज्याच्या अक्षरांत झाड, झाड, विरळा, रान असं काहीतरी येतं. आपल्याकडे कोणी बाई पंधरा-सोळा वर्षं कमावलेलं नाव असं भंगारात काढेल का, मला तरी नाही वाटत.

जाहिरातीही पुष्कळ केल्या, त्यातली फोटो प्रिंटची 1980 ची जपानात लोकांच्या तोंडी बसली. सुंदर माणसं अजून सुंदर येतील, जी नाहीत तीही सुंदर येतील, असं आधी लिहिलेलं होतं, हिने हरकत घेतली की असं कसं होईल, आणि शेवटी झालं काय, तर जी नाहीत ती... आपली जशी आहेत तशी. हे मी आईंना सांगितल्यावर त्या इतक्या हसल्या की टाक्यांना हात लावून बसल्या.

संसाराचं मी फार सांगत नाही पण एवढं सांगायलाच हवं. दुसरा नवरा रॉक गायक, उचिदा युया, 1973 चं लग्न, एकत्र राहिले जेमतेम दीड-दोन वर्षं. 1981 ला त्याने परस्पर घटस्फोटाचे कागद दाखल केले तर ही कोर्टात गेली आणि तो घटस्फोट रद्द करून आणला, आणि मग चाळीस वर्षं वेगळ्या घरात राहून बायको म्हणून राहिली. आई आधी म्हणाल्या येडी आहे. थोड्या वेळाने म्हणाल्या, येडी नाही. पुढे काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

मॅनेजर नाही, एजन्सी नाही, काम हवं असेल तर आन्सरिंग मशीनवर निरोप ठेवा नाहीतर फॅक्स करा. 2003 ला डाव्या डोळ्याची नजर गेली, 2005 ला स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, आणि 2013 ला जपान अकॅडमीचं बेस्ट अ‍ॅक्ट्रेस घेताना स्टेजवरून सहज सांगून टाकलं की कॅन्सर सगळ्या अंगात पसरलाय. तो अवॉर्ड ज्या रोलचा होता तो विसरत चाललेल्या आईचा होता, मुलगा झालाय नट कोजी याकुशो. तो सिनेमा मी एकटीने बघितला, आईंना नाही दाखवला, त्यांच्या बहिणीचं तेच चाललंय.

आणि यानंतर तिने जे केलं ते बघा. 2015 चा 'स्वीट बीन', डोरायाकी, म्हणजे मध्ये गोड सारण भरलेले छोटे पॅनकेक, विकणाऱ्या छोट्या दुकानात एक शहात्तर वर्षांची बाई काम मागायला येते, लाल बीन्सचं गोड सारण असं शिजवते की रांग लागते. बोटं वाकडी आहेत तिची. सिनेमा कारण नंतर सांगतो, पण आईंनी हात दिसल्याबरोबर सांगितलं, "महारोग आहे तिला." लहानपणी आनंदवन जवळ, बाबा आमट्यांकडची माणसं बाजारात दिसायची, त्यांना कोणी वेगळं सांगायला नको. जपानात अशा रोग्यांना वेगळं कोंडून ठेवण्याचा कायदा 1996 पर्यंत होता, औषधं येऊन दशकं झाली तरी, हे मला या सिनेमामुळे कळलं. किकी ती बाई रडकी करत नाही, बीन्सवर वाकून त्यांचं ऐकत बसते, एवढंच. त्यात शाळकरी मुलगी झालीय ती किकीची सख्खी नात.

'शॉपलिफ्टर्स' सगळ्यांना माहीत असतो, 2018 चा पाम द'ओर, म्हणजे कान फिल्म महोत्सवाचा सगळ्यात मोठा पुरस्कार. त्यात तिने कवळी काढून काम केलंय, जेवताना तोंड बघवत नाही, मुद्दामच. समुद्रावर बाकीचे लाटांत उड्या मारतायत आणि ही वाळूत बसून ओठांतल्या ओठांत थँक्यू म्हणते, आवाज नाही. ते स्क्रिप्टमध्ये नव्हतं, दिग्दर्शक कोरे-एदाला एडिटिंग करताना दिसलं. त्या वर्षीच्या जूनमध्ये सिनेमा जपानात लागला, 15 सप्टेंबरला ती गेली.

तक्रारी आहेत. बऱ्याच सिनेमांत तिचं काम थोडंच आहे, 'लाइक फादर लाइक सन' मध्ये आत्ता येईल मग येईल करत बसलो, आली आणि गेली. दुसरं म्हणजे आम्ही ज्या अ‍ॅपचं वर्षाचं सबस्क्रिप्शन घेतलं त्यावरून दोन सिनेमे अर्धे बघून झालेले असताना गायब झाले, कस्टमर केअरला मेल केला तर 'तुमच्या आवडीचं आणखी काही' म्हणून मारधाडीचे सिनेमे पाठवले. आणि जुन्या मालिका, ज्यांनी ती ती झाली, त्या सबटायटलसकट मला कुठेच मिळाल्या नाहीत, इकडेतिकडे तुकडे मिळतात. अर्धा स्टार त्याचा कापते, किकीचा नाही, पण कापायचा कोणाचा. पाचपैकी साडेचार.

सुरुवात कुठून करायची विचाराल तर 'शॉपलिफ्टर्स' पासून नका करू, आधी 'आफ्टर द स्टॉर्म' बघा. किकी जुन्या सरकारी वसाहतीत एकटी राहते, कर्जबाजारी मुलगा आलाय, आणि ती कालपिस नावाचं दुधाळ सरबत कपात गोठवून त्याला आइस्क्रीम म्हणून देते, इतकं दगड झालेलं की दोघं चमच्याने खरवडत बसतात. पैसे नाहीत म्हणून केलेली युक्ती आहे, पण ती असं करते जणू खास पाहुण्यासाठी केलंय.

आईंनी दुसऱ्या दिवशी पियूष गोठवलं, स्टीलच्या वाट्यांत. वाटीला बर्फ चिकटून बसला, एक चमचा वाकला, आणि शनिवारी पुन्हा तेच करून ठेवलं होतं.