म्युनिकमध्ये शिकताना शनिवार-रविवार: डोंगर, प्राग की भाड्याची गाडी?

ऑक्टोबरात म्युनिकला मास्टर्ससाठी आलेल्या मुलामुलींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहिल्या पंधरवड्यातच विषय निघतो: या वीकेंडला कुठे जायचं? कोणी म्हणतं, शुक्रवारी रात्रीच्या बसने प्राग. कोणी म्हणतं, पाच जण मिळून गाडी घेऊ आणि ऑस्ट्रिया फिरून येऊ. आणि कोणीतरी टेगर्नझे तळ्याचा फोटो टाकतं: सकाळची ट्रेन, संध्याकाळी घरी. तिन्ही बेत चांगलेच आहेत. पण खिशाला बसणारी झळ, सोमवारी सकाळची अवस्था आणि बरोबरच्या मुलांशी होणारी ओळख, हे तिन्हींत फार वेगवेगळं असतं.

माझं मत आधीच सांगून टाकते. नवीन आला असाल तर ऑक्टोबरचे शनिवार डोंगराला द्या, प्राग डिसेंबरवर ढकला आणि गाडीचा विचार उन्हाळ्याआधी करूच नका. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. थंडी पडायच्या आत शहरं बघून घेतात आणि नोव्हेंबरात डोंगराची आठवण काढतात, तेव्हा वरच्या वाटांवर बर्फ आलेला असतो आणि बऱ्याच हट्स, म्हणजे डोंगरातली खाण्याची-मुक्कामाची ठिकाणं, बंद झालेल्या असतात.

आधी पैशांचं

विद्यार्थी व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवावे लागतात त्या ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला ९९२ युरो हातात येतात आणि म्युनिकचं घरभाडं त्यातला मोठा वाटा घेऊन जातं. म्हणून सहलीचा हिशोब तिकिटापासून सुरू होतो. डॉइचलांड-टिकेट हा मासिक पास; ते मे २०२३ मध्ये महिना ४९ युरोंना सुरू झालं, २०२५ मध्ये ५८ झालं आणि २०२६ पासून ६३ आहे. बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, विद्यार्थ्यांना ते सवलतीत मिळतं. कॉलेजला जायला-यायला ते बहुतेकांकडे असतंच, आणि त्याच तिकिटावर देशभरातल्या सगळ्या प्रादेशिक गाड्या चालतात. आयसीई, आयसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्या मात्र चालत नाहीत. याचा अर्थ असा की डोंगराच्या दिवसाचा प्रवासखर्च तुम्ही आधीच भरलेला आहे. ज्यांच्याकडे ते नाही त्यांनी बायर्न-टिकेट, म्हणजे बव्हेरियाचं एका दिवसाचं तिकीट, बघावं. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत जाता येतं. शनिवार-रविवारी ते मध्यरात्रीपासून चालतं, इतर दिवशी सकाळी नऊनंतर.

प्रागला बसचं तिकीट, हॉस्टेलची एक-दोन रात्रींची खाट आणि तीन वेळचं बाहेरचं खाणं. शिवाय तिथे युरो नाही, कोरुना चालतो. एटीएमने "तुमच्या चलनात आकारू का?" असं विचारलं तर नको म्हणा, कारण तो दर नेहमी महाग पडतो. गाडीचा हिशोब सर्वांत फसवा. दिवसाचं भाडं पाच जणांत वाटलं की स्वस्त दिसतं, पण त्यावर इंधन, पार्किंग, विमा आणि पंचवीसच्या आतल्या ड्रायव्हरसाठी बहुतेक कंपन्या लावतात ते जादा शुल्क चढतं.

डोंगर

म्युनिक हाउप्टबानहोफवरून (मुख्य स्टेशन) तासाभरात टेगर्नझे किंवा लेंगग्रीस, आणि दीड तासाच्या आत गार्मिश-पार्टनकिर्शन. लेंगग्रीस, टेगर्नझे आणि बायरिशझेल इथे जाणारे डबे म्युनिकहून एकाच गाडीत निघतात आणि वाटेत होल्ट्सकिर्शन, शाफ्टलाख या स्टेशनांवर वेगळे होतात. चढताना डब्यावरची पाटी वाचा, नाहीतर अर्धा ग्रुप एका दरीत आणि अर्धा दुसऱ्या.

राजगड, हरिश्चंद्रगड केलेल्या माणसाला इथली चढण जड जात नाही. लेंगग्रीस साधारण ६८० मीटरवर आहे, त्याच्या डोक्यावरचा ब्राउनेक १,५५५ मीटरचा. कळसूबाई १,६४६. पण सह्याद्रीची एक सवय इथे सोडावी लागते. आपण पावसातच डोंगरात जातो, धुकं आणि चिखल ही आपली मजा. आल्प्समध्ये पाऊस म्हणजे बेत रद्द. ओला चुनखडी दगड पायाखालून सटकतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर विजांचं वादळ अचानक येतं. म्हणून इथले लोक पहाटेच्या ट्रेनने निघतात आणि दुपारी खाली उतरायला लागतात. वाटांच्या रंगांत निळी सोपी, लाल मध्यम, काळी अवघड. काळ्या वाटेवर पहिल्या वर्षी जाऊ नका, तुम्ही कितीही किल्ले केलेले असोत. पिवळ्या पाट्यांवर किलोमीटर नसतात, चालायचे तास असतात. मदतीसाठी नंबर ११२.

सुरुवातीला पार्टनाखक्लाम ही गार्मिशजवळची घळ घ्या. कड्यात खोदलेल्या वाटेने पाण्याच्या अंगावरून चालायचं असतं. तिकीट काढावं लागतं, पण चढण फारशी नाही, त्यामुळे ग्रुपमधलं कोणी मागे पडत नाही. दम असलेल्यांनी हेर्त्सोगश्टान्ड करावा, १,७३१ मीटर. वरून एका अंगाला वाल्खनझे आणि दुसऱ्या अंगाला कोखेलझे, अशी दोन तळी दिसतात. दमलात तर उतरायला केबलकार आहे.

हटमधल्या खाण्याबद्दल शाकाहारी मंडळींना खास सांगते. सूपमध्ये मांस दिसत नसलं तरी त्याचं पाणी बहुतेक वेळा बीफचं असतं, विचारल्याशिवाय घेऊ नका. केझश्पेत्सले या नूडल्ससारख्या पदार्थात चीज असतं आणि श्पेत्सलेच्या पिठात अंडं, काइझरश्मार्न या गोड पॅनकेकमध्येही अंडं. अंडंही चालत नसेल तर पोळी-भाजीचा डबा बरोबर न्या, बाहेरच्या बाकावर बसून खाता येतो. रोख पैसे ठेवा, वर कार्ड चालेलच असं नाही.

आता सोबतीचं. माझ्यासाठी खरी निवड इथेच होते. शहरात आठ जण गेले की दुपारपर्यंत त्यांचे तीन गट होतात: एकाला म्युझियम, दुसऱ्याला खरेदी, तिसऱ्याला झोप. डोंगरात वाट एकच असते. सहा तास चालताना जोड्या आपोआप बदलत राहतात, आणि ज्या तैवानच्या मुलीशी लॅबमध्ये "हाय"पलीकडे काही झालं नव्हतं तिच्या घरची परिस्थिती, तिच्या प्रबंधाची काळजी, सगळं चढणीवर कळतं. पुढे परीक्षेच्या वेळी नोट्स मागायला, खोली बदलताना सामान उचलायला हीच माणसं येतात. केवळ मराठी मुलांचा ग्रुपही हवाच. परक्या देशात मनसोक्त मराठी बोलण्याची गरज मी कमी लेखत नाही. पण दर शनिवारी तोच ग्रुप राहिला तर जर्मन तोंडात बसत नाही आणि वर्ष संपताना वर्गातली निम्मी माणसं अनोळखीच राहतात. ग्रुप जमवताना तीन आपले आणि तीन परके, असं काहीतरी जमवा.

प्राग, आणि त्याचे स्वस्त पर्याय

प्रागबद्दल माझ्या मनात अजिबात आकस नाही. १३५७ मध्ये बांधायला घेतलेला चार्ल्स पूल पहाटे, गर्दीआधी, चालून जावा असाच आहे, आणि १४१० सालचं खगोलीय घड्याळ इंजिनिअरिंगच्या मुलांनी तर जवळून बघावंच. म्युनिकहून बसला पाच तासांच्या आसपास लागतात. पण एका शनिवार-रविवारात दोन्ही बाजूंचा प्रवास धरला की थकवा सोमवारपर्यंत पुरतो. सेमिस्टर मधोमध असताना हे परवडत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात मात्र बहुतेक डोंगर बंद, साडेचारलाच अंधार, आणि चौकाचौकांत नाताळचे बाजार. तेव्हा शहरंच बरी.

पासपोर्ट आणि रेसिडेन्स कार्ड (जर्मनीत राहण्याचा परवाना) दोन्ही जवळ हवीत, फोटो चालत नाहीत. शेंगेनमध्ये, म्हणजे आपसात सीमातपासणी नसलेल्या देशांच्या गटात, असूनही जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून सगळ्या जमिनी सीमांवर तपासणी सुरू केली, आणि परतीच्या रात्रीच्या बसमध्ये दिवे लावून कागद बघतात. व्हिसा संपलाय आणि कार्ड अजून हातात आलेलं नाही, अशा मधल्या काळात तर देशाबाहेर जाऊच नका.

परदेशच बघायचा असेल तर साल्झबुर्ग आहे. डॉइचलांड-टिकेट तिथल्या मुख्य स्टेशनपर्यंत चालतं, प्रादेशिक गाडीने दोन तासांच्या आत पोहोचता आणि रात्री आपल्याच बिछान्यात झोपता. न्यूरेंबर्गचा नाताळ बाजार, रेगेन्सबुर्गचं जुनं शहर, डॅन्यूब, इन आणि इल्झ या तीन नद्यांच्या संगमावरचं पासाऊ, हे सगळं त्याच तिकिटात. पहिल्या वर्षी मी हे प्रागच्या आधी ठेवीन.

डाखाऊची छळछावणी म्युनिकहून एस-बान या लोकल ट्रेनने गाठता येते आणि प्रवेश मोफत आहे, म्हणून काही जण ती सहलीच्या दिवसात बसवतात. तसं करू नका. तिला वेगळा, शांत दिवस द्या.

गाडी

गाडीची बाजू एकाच ठिकाणी भक्कम आहे: जिथे ट्रेन जात नाही तिथे. उन्हाळ्यात ऑस्ट्रियातल्या आडबाजूच्या दऱ्या, किंवा तंबू घेऊन दोन दिवस. त्यासाठी ग्रुपमध्ये एक खरोखर सराईत ड्रायव्हर हवा, उजव्या बाजूने चालवायची सवय असलेला. भारतीय लायसन्स जर्मनीत राहायला आल्यापासून सहाच महिने चालतं, तेही भाषांतर किंवा आंतरराष्ट्रीय परवान्यासह. अनामत रकमेसाठी अनेक कंपन्या क्रेडिट कार्डच मागतात. ऑस्ट्रियाच्या महामार्गांवर व्हिन्येट, म्हणजे टोलचा पास, लागतं, ते सीमेआधीच घ्यायचं. नोव्हेंबर ते एप्रिल तर बर्फ, घाट आणि नवखा चालक हे एकत्र येऊ देऊ नका. आईवडिलांना फोनवर सांगताना कमीपणा वाटला तरी चालेल, पण या एका बाबतीत ग्रुपच्या आग्रहाला स्पष्ट नाही म्हणा.

ज्यांना अजून कोणीच ओळखत नाही

वर्गात चेहरेही पाठ नसतील तर इरॅस्मस स्टुडंट नेटवर्कसारख्या विद्यार्थी संघटनांच्या किंवा विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसच्या सहली बघा. सगळं ठरलेलं असतं आणि एकटं आलेलं कोणी वेगळं पडत नाही. जागा लवकर भरतात, म्हणून नोंदणी उघडेल त्याच दिवशी नाव द्या. एक-दोन सहलींत चार माणसं मिळाली की पुढचे बेत तुमचे तुम्ही आखा.

शनिवारी नोकरीची पाळी असणाऱ्यांसाठी रविवारचा अर्धा दिवसही पुरतो. टेगर्नझे स्टेशनवरून नॉयरॉइथ हट, १,२६४ मीटर, चढायला दीड तासाच्या आसपास, आणि ही वाट हिवाळ्यातही चालती असते. फक्त किराणा शनिवारी रात्री आठच्या आत भरून ठेवा. रविवारी दुकानं बंद असतात आणि संध्याकाळी उतरून आल्यावर भूक सडकून लागते.