स्टिकरवर १६ टन, प्रत्यक्षात साडेसात: पाइप बेंडर घेताना होणारी फसवणूक

हँडल मारून चालणारा हायड्रॉलिक पाइप बेंडर. स्टिकरवर ‘१६ टन, अर्धा ते तीन इंच’. दुकानात एक इंची पाइप बघता बघता नव्वद अंशांत वाकवून दाखवला, फॅब्रिकेटरने पूर्ण पैसे मोजून मशीन उचललं. शॉपवर तीन इंची सी क्लास (सगळ्यात जाड भिंतीचा) पाइप चढवला आणि तीसेक अंशांपाशी राम, म्हणजे पाइपला ढकलणारा दांडा, जागच्या जागी थांबला. हँडल खाली जाईना, पॅकिंगमधून (तेल अडवणाऱ्या सीलमधून) तेल झिरपू लागलं. विक्रेत्याची उत्तरं ठरलेली: तेलात हवा असेल, पाइप कडक आहे, गॅसने तापवून वाकवा. यातलं तापवण्याचं तर अजिबात ऐकू नका. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप असेल तर जस्ताचा धूर छातीत जातो आणि संध्याकाळी थंडीताप भरतो.

या पाइपला खरोखर किती जोर लागतो, ते कागदावर पाच मिनिटांत निघतं. तीन इंची म्हणजे ८० एनबी (नॉमिनल बोअर, पाइपचं नाममात्र माप), बाहेरचा व्यास ८८.९ मिमी, सी क्लासची जाडी ४.८, म्हणून आतला व्यास ७९.३. बाहेरच्या व्यासाच्या घनातून आतल्याचा घन वजा करून सहाने भागा: साधारण ३४,००० घन मिमी. हा पाइपचा प्लास्टिक सेक्शन मॉड्युलस, म्हणजे कायमचं वाकण्याला त्याचा आकार किती विरोध करतो त्याचं माप. माइल्ड स्टीलची यील्ड (ज्या ताणाला ते कायमचं वाकू लागतं) २५० न्यूटन प्रति चौरस मिमी धरली, तर दोन्ही गुणून बेंडिंग मोमेंट (वाकवायला लागणारा पीळ) ८५ लाख न्यूटन-मिमी. पाइपला दोन बाजूंनी आधार देणाऱ्या रोलरच्या पिनांमधलं अंतर ६०० मिमी असेल, तर मोमेंटला चारने गुणून ६०० ने भागायचं. उत्तर सुमारे ५६,७०० न्यूटन, म्हणजे ५.८ टन.

पण हा जोर फक्त वाकायला सुरुवात होण्यापुरता. पुढे पाइप वाकता वाकता आणखी कडक होतो, रोलरची प्रतिक्रिया तिरकी होते, घर्षण वाढतं. म्हणून हिशेब दुप्पट धरावा: साडेअकरा टन. या कामाला खरं १६ टनी मशीन योग्यच होतं, फॅब्रिकेटरची निवड चुकलेली नव्हती.

आता डेमोची चलाखी बघा. एक इंची बी क्लास (३३.७ × ३.२ मिमी) पाइपचा मॉड्युलस ३,००० च्या आसपास, म्हणजे तीन इंचीच्या अकराव्या हिश्शाइतका. पिना ३०० मिमीवर आणल्या तरी सुरुवातीचा जोर जेमतेम एक टन. असा डेमो कुठलंही मशीन पास होईल. इंच तिप्पट म्हणून जोर तिप्पट, असा अंदाज बरेच जण करतात आणि तिथेच फसतात. मोमेंट साधारण व्यासाच्या वर्गाला जाडीने गुणावं तशी वाढते.

मशीनचे खरे टन ते न उघडताही काढता येतात. पंपाच्या प्लंजरचा (हँडलने आतबाहेर होणाऱ्या बारीक दांड्याचा) व्यास आणि एका फटक्यातली त्याची चाल व्हर्नियरने मोजा. मग रिकाम्या रामवर दहा पूर्ण फटके मारा आणि राम किती पुढे आला ते बघा. वरच्या मशीनमध्ये प्लंजर १२ मिमी, चाल १६ मिमी आणि दहा फटक्यांत राम १३ मिमी, म्हणजे एका फटक्याला १.३. सोळाला १.३ ने भागलं की गुणोत्तर १२.३. त्याचं वर्गमूळ गुणिले प्लंजरचा व्यास: रामला ढकलणारा पिस्टन ४२ मिमीचा. हँडलची लिव्हरेज २० पट होती. हातातून ३० किलो जोर लावला तर प्लंजरवर ६०० किलो, रामवर ६०० × १२.३, म्हणजे सुमारे ७.४ टन. म्हणूनच वाकायला सुरुवात झाली आणि मध्येच अडलं.

या पिस्टनमधून १६ टन काढायचे तर ११०० बारच्या (बार हे दाबाचं एकक) वर दाब हवा. ७०० बारलाही तो १० टनांच्या आतच राहतो. ७०० बारवर १६ टन देणारा पिस्टन किमान ५४ मिमीचा लागतो. विक्रेत्याचा माणूस रिलीफ व्हॉल्व्हचा (तेलाचा दाब मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेचा) स्क्रू आवळून ‘ताकद वाढवून’ देऊ लागला तर त्याला हात लावू देऊ नका. सील फुटलं तर तेलाची पिचकारी कातडीत घुसते, आणि ती जखम वरून किरकोळ दिसली तरी तातडीच्या शस्त्रक्रियेची असते.

डेमोला आपलाच पाइप न्या, सगळ्यात जाड असेल तो. तोही आधी वजन करून घ्या, कारण क्लासमध्येही फसवतात: ८० एनबी सी क्लास मीटरला साधारण १०, बी क्लास ८.४ आणि ए क्लास पावणेसात किलो भरतो. पूर्ण नव्वद अंश वाकवून घ्या. मग पिना काढून, वाकल्यात का ते सपाट जागेवर लोळवून बघा, आणि प्लेटची भोकं लंबगोल झालीत का तेही तपासा.

बिलावर नुसतं ‘पाइप बेंडर १ नग’ चालवून घेऊ नका. टन, पिस्टनचा व्यास, कमाल दाब आणि कोणत्या एनबीला किती जाडीपर्यंत, हे चारही लिहून घ्या. तोंडी ‘तीन इंच’ला तक्रारीत किंमत राहत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली व्यापारी कामासाठीची खरेदी बाहेर राहते, पण स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू त्यात बसते. एकट्याने शॉप चालवणाऱ्याने मशीन तसंच ठेवून, मोजमापाचे फोटो आणि बिल घेऊन १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.